क्रशरच्या जाळीचे रूळ तीनदा तुटले: रूळ आणि चॅनेल जोडताना वेल्डिंग रॉडची निवड

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी भागातल्या एका खडी क्रशरवर दगड ओतायच्या हॉपरच्या तोंडाशी जुन्या रेल्वे रुळांची जाळी बसवली होती. खाणीतून आलेला टिपर या जाळीवर रिकामा होतो. मोठे धोंडे वर अडतात, बाकीचा माल खाली जॉ-क्रशरकडे जातो. जाळी ३ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. ५२ किलोच्या (मीटरला ५२ किलो भरणाऱ्या) रुळाचे २.४ मीटरचे दहा तुकडे चॅनेलच्या, म्हणजे पन्हाळीसारख्या पोलादी पट्ट्यांच्या चौकटीत आडवे बसवलेले. रुळाचं एक टोक इकडच्या चॅनेलच्या पोटाला, म्हणजे मधल्या उभ्या भागाला, दुसरं पलीकडच्या, आणि दोन्हीकडे चहूबाजूंनी वेल्ड. दिसायला इतकं भक्कम काम की यात काही चुकू शकेल असं कुणाला वाटू नये.

जाळी जुलैमध्ये, तरण्या पावसात, ताडपत्रीखाली जागेवरच जोडली गेली. पंधरा दिवसांत दोन रूळ टोकाशी तुटून हॉपरमध्ये पडले. दुसऱ्यांदा वेगळा रॉड वापरला, तरी आठवड्यात तडे गेले. तिसऱ्यांदा दुकानातला सर्वांत महाग रॉड आणला आणि वेल्ड अखंड राहिला, पण रुळाचं कातडं सोबत घेऊन सुटला. तिन्ही वेळा प्रश्न एकच विचारला गेला होता: कुठला रॉड वापरायचा? या जोडणीत हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. रूळ किती तापवायचा आणि किती सावकाश थंड करायचा हे आधी ठरलं, की रॉडची निवड बरीच सोपी होते.

रूळ म्हणजे साधं लोखंड नव्हे

चॅनेल, बीम, प्लेट हे आपल्याकडे बहुतेक आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई २५० दर्जाचं पोलाद असतं. त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.२३ टक्के, ताणाची ताकद किमान ४१० मेगापास्कल. हे पोलाद वेल्डिंगसाठीच बनवलेलं आहे. थोडा हलगर्जीपणा झाला तरी ते सांभाळून घेतं.

रूळ ही वेगळी जात आहे. ८८० दर्जाच्या रुळात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के आणि मँगनीज ०.८० ते १.३० टक्के असतं. नावातला ८८० हा आकडा म्हणजे ताणाची किमान ताकद, मेगापास्कलमध्ये. चाकांखाली झिजू नये म्हणून हे पोलाद कडक ठेवलेलं असतं, ब्रिनेल या मापाने कडकपणा २६० च्या वर.

वेल्डिंगला पोलाद किती त्रास देईल ते कार्बन-तुल्यांकावरून कळतं. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग मिळवायचा. क्रोमिअम, निकेल वगैरे असतील तर त्यांचेही भाग धरायचे, पण साध्या रुळात ते नगण्य असतात. कार्बन ०.७० आणि मँगनीज १.० असलेल्या रुळाचा तुल्यांक ०.८७ येतो. ई २५० चॅनेलला मानकाने घातलेली मर्यादाच ०.४२ आहे. म्हणजे एकाच सांध्याच्या एका बाजूला दुपटीहून अवघड धातू आहे.

रूळ कुठला आहे हे त्याच्या पोटावरच लिहिलेलं असतं. वायर ब्रशने गंज काढला की उठावदार अक्षरं दिसतात: आयआरएस, ५२, ८८०, कारखान्याचं नाव, साल. या जाळीतल्या नऊ रुळांवर ८८० होतं. दहावा ९०-आर या जुन्या छेदाचा (यार्डाला ९० पौंड), अक्षरं झिजलेली. अशा वेळी ग्राइंडरच्या ठिणग्या बघाव्यात. साध्या चॅनेलच्या ठिणग्या लांब सरळ जातात आणि टोकाशी एखाददुसरा फाटा फुटतो. रुळाच्या ठिणग्या जवळच फुटतात, दाट आणि झुबकेदार. दहाव्यानेही झुबकाच दाखवला. ओळख पक्की नसेल तर सगळ्यांत अवघड दर्जा धरून काम करावं, त्याने नुकसान होत नाही.

भंगारातून रूळ घेताना लिलावाचं किंवा व्यापाऱ्याचं बिल फाईलला लावून ठेवा. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. जाळी बसवून झाल्यावर कागद शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

पहिली फेरी: ६०१३

पहिल्या जोडणीला ३.१५ मिमीचा, ६०१३ प्रकारचा रॉड होता. गेट, ग्रिल, शेड अशा कामांना उत्तम, चाप (आर्क) पटकन धरतो, स्लॅग म्हणजे वेल्डवरची मळी सहज सुटते, हातालाही सवयीचा. रुळाचे तुकडे गॅस कटरने थंडच कापले होते, आणि कापलेली कड ग्राइंडरने जेमतेम साफ करून लगेच वेल्ड केली होती.

तुटलेल्या रुळाचा भंग पाहिला तेव्हा रुळाच्या पायाच्या कडेला अर्धचंद्राच्या आकाराचा तांबूस, गंजलेला पट्टा दिसला. उरलेला भाग ताजा, चमकदार, दाणेदार. गंजलेला भाग तुटायच्या आधीपासून उघडा होता, पाणी आत शिरलं होतं. म्हणजे दगड पडून तडा गेला असं नाही. तडा आधीच होता, दगडाने तो पुरा केला. तड्याची जागाही तितकीच बोलकी होती: वेल्डमध्ये नाही, चॅनेलमध्येही नाही, तर वेल्डच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत, रुळाच्या अंगात.

असं होण्यामागे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात.

पहिली, ठिसूळ धातू. चापाखाली रुळाचा पातळ थर हजार अंशांच्या पुढे जातो. बाजूला थंड रुळाचा जाड गोळा असतो, तो ती उष्णता काही सेकंदांत ओढून घेतो. इतक्या कार्बनच्या पोलादाला इतकं झटपट थंड केलं की त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे अतिकडक आणि ठिसूळ रूप होतं. लोहार पटाशीची धार तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा नेमकं हेच करत असतो, फक्त तो नंतर धारेला पाणी उतरवतो, म्हणजे थोडं तापवून ठिसूळपणा घालवतो. इथे उतरवणारं कुणी नव्हतं. गॅसने थंड कापलेल्या कडेवरही असाच कडक थर आधीच बसलेला होता.

दुसरी, हायड्रोजन. ६०१३ च्या वेष्टनात ओलावा आणि सेल्युलोज दोन्ही असतात. चापात त्यांचा हायड्रोजन होतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू थंड झाला की तो बाहेर पडायला वाट शोधत कडक थराकडे सरकतो. हे सरकणं तासन्‌तास चालतं. म्हणून वेल्ड झाल्यावर तपासलं तर सगळं ठीक दिसतं आणि तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. रात्री शांततेत रुळातून ‘टण्ण’ असा आवाज आला असं कामगारांनी सांगितलं तर ते मनावर घ्या. तो तडा जाण्याचा आवाज असू शकतो.

तिसरी, ताण. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या रुळाला आकसायला जागा नसते. वेल्ड थंड होताना तो स्वतःच सांधा ओढतो, दगड पडण्याच्याही आधी.

यात एक चूक वेल्डिंगशी संबंध नसलेली होती, पण तिने भर घातली. चॅनेल आयएसएमसी २५० (उंची २५० मिमी), त्याचं पोट जेमतेम सात मिमी. रूळ थेट त्या पातळ पोटावर. प्रत्येक धक्क्याला पोट आत-बाहेर लवायचं आणि तो सगळा वाक सांध्याच्या कडेवर यायचा. अर्धा मीटरचा काळा दगड साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो दीड मीटरवरून पडला तर पाच हजार जूलहून जास्त ऊर्जा एका रुळावर येते. असे धक्के दिवसभर.

दुसरी फेरी: ७०१८, पण पुड्यातून थेट

‘लो हायड्रोजन वापरा’ हा सल्ला बरोबर होता. ७०१८ हा असा कमी हायड्रोजन सोडणारा रॉड; त्याचं वेष्टन बेसिक, म्हणजे चुनखडीसारख्या खनिजांचं असतं. पुड्यावर आयएस ८१४ प्रमाणे ईबी ५४२६ एच ३ असं लिहिलेलं असेल, तर एच ३ चा अर्थ शंभर ग्रॅम धातूत पाच मिलीपर्यंतच हायड्रोजन. एच २ म्हणजे दहा, एच १ म्हणजे पंधरा. ६०१३ मध्ये तो यापेक्षा बराच जास्त असतो.

पण ही हमी भाजलेल्या रॉडची असते. या कामाला आलेला पुडा तीन आठवडे उघडा होता, तोही पावसाळ्यात. बेसिक वेष्टन हवेतली ओल चटकन धरतं. असे रॉड उन्हात ठेवून किंवा हीटरजवळ शेकून काही साधत नाही. वरचं पाणी उडतं, पण वेष्टनातल्या सिलिकेटने धरलेलं पाणी ३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सुटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत काही ठिकाणी कोअर (ओतकामाच्या साच्यातला वाळूचा गाभा) भाजायच्या ओव्हनमध्ये रॉड ठेवायची पद्धत दिसते. तो ओव्हन बहुधा २०० ते २५० अंशांवर चालतो आणि आत कोअरच्या बाइंडरचा धूर असतो. तिथे रॉड भाजू नयेत.

रूळही थंडच होता. हायड्रोजन थोडा कमी झाला, कडक थर तसाच राहिला. तडे आले, फक्त कमी.

तिसरी फेरी: ३१२

आता दुकानदाराने ‘कशालाही काहीही जोडतो’ म्हणून ३१२ दिला: २९ टक्के क्रोमिअम, ९ टक्के निकेलचा स्टेनलेस रॉड. ही शिफारस अगदी निराधार नाही. त्याचा धातू रुळातला कार्बन बराचसा पचवतो आणि हायड्रोजन आपल्यातच धरून ठेवतो, म्हणून वेल्डच्या मण्यात, म्हणजे रॉडने ओतलेल्या धातूच्या पट्टीत तडा सहसा जात नाही. जात नव्हताच.

पण रुळाचा जो थर चापाने तापला, तो थंड रुळाने तितक्याच झटक्यात विझवला. त्या थराला रॉडमध्ये निकेल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय स्टेनलेसच्या या जातीचा धातू साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतो आणि जास्त आकसतो. जाळीवर धक्के सुरू झाले तसे मण्याच्या खालून, रुळाच्या बाजूने, तडे पसरले आणि मणी रुळाची एक-दीड मिमीची साल घेऊन सुटले. महाग रॉडचं काम दिसायला सर्वांत सुबक होतं, म्हणून ते तपासलंही सर्वांत कमी गेलं.

ओतकामाच्या पट्ट्यात आणखी एक मोह होतो: ओतीव लोखंडाचा निकेल रॉड. तो हाताशी असतो आणि ‘कार्बनवाल्या’ धातूला चालतो असं ऐकलेलं असतं. जुन्या रुळात गंधक-फॉस्फरस जास्त असेल तर निकेलचा मणी गरम असतानाच मधोमध फाटतो. धक्के खाणाऱ्या सांध्याला तो नको.

किती ताकदीचा रॉड हवा?

रूळ ८८० चा, म्हणून रॉडही जास्त ताकदीचा, ९०१८ किंवा ११०१८ घ्यावा असा तर्क अनेक जण करतात. हिशेब करून पाहू. सांध्याची ताकद दुबळ्या बाजूने ठरते आणि ती बाजू म्हणजे ४१० मेगापास्कलचं चॅनेल किंवा प्लेट आहे. आयएस ८०० (२००७) प्रमाणे शेडमध्ये (वर्कशॉपमध्ये) केलेल्या फिलेटचा, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डचा हिशेबी ताण म्हणजे ४१० भागिले तीनचं वर्गमूळ, भागिले १.२५, म्हणजे सुमारे १८९ न्यूटन प्रति चौरस मिमी. ८ मिमी पायाच्या फिलेटची घशाजवळची जाडी ५.६ मिमी. रुळाच्या टोकाभोवती साधारण ५०० मिमी वेल्ड मिळतो. गुणाकार केला की ५२९ किलोन्यूटन, म्हणजे एका टोकाला ५४ टनांच्या आसपास. साध्या ७०१८ ने गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद मिळते.

जास्त ताकदीच्या रॉडने इथे नुकसानच होतं. तो मणी आकसताना स्वतः ताणला जात नाही, सगळा ओढा रुळाच्या थरावर टाकतो. मऊ मणी थोडा ताणून ताण मोकळा करतो. या सांध्यात वेल्ड रुळापेक्षा मऊच असावा. साइटवर केलेल्या वेल्डला तोच हिशेब १.२५ ऐवजी १.५ ने भागतो, ही गोष्टही शेडकडेच ढकलते.

शेवटी बसलेली रचना

जे टिकलं त्यात रॉडपेक्षा रचना जास्त बदलली.

रुळाला करायचा प्रत्येक वेल्ड शेडमध्ये हलवला. रुळाच्या दोन्ही टोकांना २६० × १७० × २० मिमीची ई २५० प्लेट जोडायची आणि साइटवर ही प्लेट चौकटीला २४ मिमी जाडीच्या (एम-२४), ८.८ दर्जाच्या चार बोल्टनी कसायची. बोल्ट रुळाच्या पायाखाली, पोटाच्या दोन बाजूंना दोन-दोन. चौकट आयएसएमसी ३०० ची केली आणि चॅनेलच्या पाठीमागे १२ मिमीची प्लेट लावली, त्यामुळे पोट लवणं थांबलं. खाली २० मिमीचा टेकू-पाट बसवला. प्लेटची खालची कड आणि रुळाचं डोकं त्या पाटावर टेकतात, मध्ये जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा. दगडाचं वजन आता टेकूवर उतरतं, वेल्ड रुळाला जागेवर धरण्यापुरता उरतो. टेकू आणि चॅनेलचा वेल्ड साध्या पोलादाचा साध्या पोलादाला, तो साइटवर नेहमीसारखा करता येतो.

रूळ उलटे ठेवले, पाया वर आणि डोकं खाली. पाया १३६ मिमी रुंद, डोकं ६७ मिमी. सुलट ठेवला तर फट वर रुंद आणि खाली अरुंद होते, दगड पाचरीसारखा अडकतो आणि मग तो फोडायला जाळीवर घण चालतात. उलटा ठेवला की वर १४९ मिमीची फट खाली २१८ होते, शिरलेला दगड सुटून पडतो. दहा रूळ, अकरा फटी, ३ मीटर बरोबर भरतं. जुना ९०-आर पायाला तितकाच रुंद, पण उंचीला १४३ मिमी, ५२ किलोचा १५६. त्याच्या डोक्याखाली १३ मिमीची पट्टी द्यावी लागली.

शेडमधली कृती

रूळ बँडसॉ किंवा कटिंग व्हीलने कापा. गॅसनेच कापायचा असेल तर आधी ३०० अंशांपर्यंत तापवा आणि कापल्यावर कड ३ मिमी घासून काढा. जोडायच्या भागात गंज, ग्रीस, रंग काही नको.

७०१८ रॉड ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भाजा, पुड्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. नंतर १०० ते १५० अंशांच्या क्विव्हरमध्ये (रॉड गरम ठेवायच्या डब्यात) ठेवा आणि एका वेळी हातात मावतील तेवढेच बाहेर काढा. चार तास उघड्यावर राहिलेला रॉड पुन्हा भट्टीत. दोनदा भाजूनही उरला तर तो साध्या कामाला द्या. वीस सांध्यांचा हिशेब असा: ८ मिमी फिलेट, १० मीटर लांबी, मणी थोडा फुगीर धरून सुमारे ३ किलो धातू. स्लॅग, छिटे आणि थोटकं जाऊन ५ किलोच्या आसपास रॉड लागतात. ६ किलो आणा: ३.१५ मिमीचे २ आणि ४ मिमीचे ४.

तापवणं हा या कामाचा गाभा. या रुळाचं मार्टेन्साइट साधारण २१० अंशांच्या खाली बनू लागतं. वेल्डिंग चालू असताना आणि संपल्यावर काही वेळ सांधा त्याच्या बऱ्याच वर ठेवला, तर तो थर मार्टेन्साइटऐवजी बेनाइट-पर्लाइटमध्ये बदलतो. हे प्रकार कडक असतात पण काचेसारखे फुटत नाहीत. म्हणून सांध्याच्या भागातला रूळ आणि प्लेट दोन्ही ३५० अंशांपर्यंत तापवा, सांध्यापासून किमान ७५ मिमीपर्यंत, रुंद ज्योतीच्या एलपीजी बर्नरने, सगळीकडून फिरवत. कटिंग टॉर्चची टोकदार ज्योत एकाच जागी धरली की वर लाल आणि आत थंड असं होतं. ज्योत काढून दोन मिनिटं थांबा, मग ३५० ची तापखडू (ठरलेल्या तापमानाला वितळणारी खडू) लावा. ती वितळली तरच चाप सुरू करा. हाताचा अंदाज, थुंकी उडते का, रंग निळा झाला का, यावर जाऊ नका. उष्णता ओढून घेणाऱ्या बाजूला म्हणजे रुळाच्या पोटाकडे आणि पायाच्या जाड भागाकडे खडू लावायची. पातळ कडा नेहमीच आधी तापतात.

गॅसचा हिशेब: एका सांध्यात तापणारं लोखंड सुमारे २३ किलो. त्याला लागणारी उष्णता आणि बर्नरची वाया जाणारी आच धरून सांध्याला अर्धा-पाऊण किलो एलपीजी. १९ किलोचा एक सिलिंडर पुरतो, पण काम अर्ध्यावर असताना गॅस संपला तर तो सांधा वाया जातो. दुसरा सिलिंडर शेजारी हवाच.

वेल्डिंग डीसी, रॉड धनवर. ३.१५ मिमीला १०० ते १३० अँपिअर, ४ मिमीला १४० ते १८०. चाप आखूड, रॉडच्या जाडीच्या तिपटीपेक्षा रुंद हेलकावा नको. पहिला रन (मण्याची एक ओळ) ३.१५ ने मुळाशी. मग ४ मिमीचा रन रुळाच्या बाजूने. शेवटचा रन प्लेटच्या बाजूने, रुळाला न टेकता. हा क्रम महत्त्वाचा आहे: शेवटच्या रनच्या आचेने आधीच्या रनखालचा रुळाचा थर पुन्हा तापून मऊ होतो. लोहाराचं पाणी उतरवणं ते हेच. क्रम उलटला तर शेवटचा कडक थर रुळात तसाच राहतो.

आधी पोटाच्या दोन्ही बाजू, मग डोक्याच्या बाजू, शेवटी पाया. रुळाच्या पायाच्या टोकावर रन सुरू करू नका आणि संपवूही नका. कोपरा वळून पुढे या आणि खळगा भरून चाप सोडा. रनच्या मध्ये तापमान ३५० च्या खाली उतरू देऊ नका आणि ४५० च्या वर चढू देऊ नका.

चाप रुळावर इकडेतिकडे टेकवून पेटवू नये. चापाचा एक ठिपका म्हणजे थंड रुळावर वाटाण्याएवढा मार्टेन्साइटचा डाग, आणि तडा तिथून सुरू होऊ शकतो. अर्थिंगचा क्लॅम्प सैल असेल तर त्याच्याखालीही असेच डाग पडतात. क्लॅम्प प्लेटला लावा. चुकून डाग पडलाच तर तो भाग २ मिमी खोल घासून काढा.

शेवटचा रन झाल्यावर सांधा ३५० ते ४०० अंशांवर अर्धा तास धरून ठेवा. मग २५ मिमीच्या सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळा, किंवा कोरड्या, आधी भाजलेल्या वाळूत पुरा. वाळू बेळगावच्या फाउंड्री पट्ट्यात सहज मिळते, पण मोल्डिंगची ओली वाळू नको. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाणी, ओलं फडकं, पंखा काहीही नको.

तपासणी

वेल्ड झाल्यापासून ७२ तासांनी डीपी टेस्ट, म्हणजे रंग मुरवून तडे शोधायची चाचणी. त्याआधीची टेस्ट वरवरचे दोष दाखवते, उशिराचा तडा दाखवत नाही. लाल रंग वीस मिनिटं मुरू द्या, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा आणि रुळाच्या बाजूच्या कडेकडे बघा, तड्याची जागा तीच आहे. तडा सापडला तर वरून रन मारून बुजवू नका. सगळा मणी घासून काढा, टोकापर्यंत घासा, पुन्हा तापवा आणि नव्याने करा. हातातलं कडकपणा-मापक मिळालं तर कडेजवळच्या रुळात व्हिकर्स या मापाने ४०० च्या खाली आकडा यायला हवा. सातशेच्या आसपास आला तर तापवण्यात कुठेतरी चोरी झाली आहे.

या जाळीच्या वीस सांध्यांपैकी एकात पायाच्या टोकाशी तडा निघाला. त्या सांध्याला काम चालू असताना गॅस बदलावा लागला होता आणि मधल्या वेळात रूळ थंड झाला होता. तो घासून पुन्हा केला.

साइटवर वेल्ड टाळताच येत नसेल तर

काही ठिकाणी बोल्टला जागा नसते, ३५० अंश ठेवायची सोय नसते. अशा वेळी रुळाच्या टोकावर शेडमध्ये आधी अस्तर चढवा. रूळ २५० ते ३०० अंशांवर ठेवून ३०९एल या स्टेनलेस रॉडचे दोन थर, एकूण ६ मिमीच्या वर, मग सावकाश थंड करून ७२ तासांनी तपासणी. साइटवर हे अस्तर आणि चॅनेल यांच्यातच वेल्ड करायचा, ३०९एल नेच, छोट्या रनने. साइटच्या वेल्डची आच अस्तरात अडते, रुळापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे जास्त तापवावं लागत नाही. अस्तर पातळ राहिलं तर मात्र सगळा खटाटोप फुकट जातो. ३०९एल, ३०७ किंवा ३१२ यांची या कामातली खरी जागा हीच.

झिजेसाठी रुळाच्या वरच्या पायावर हार्डफेसिंगचे, म्हणजे कडक धातूच्या रॉडचे मणी मारायची पद्धत आहे. कडक मण्यात आडवे बारीक तडे पडणं स्वाभाविक असतं, पण दोन टोकांवर टेकलेल्या रुळाच्या पायात ते खाली उतरले तर रूळ तुटू शकतो. पायाच्या कडांपासून २० मिमी आणि टोकाच्या प्लेटपासून १५० मिमी लांब राहा आणि इथेही रूळ तापवूनच काम करा.

बोल्ट पहिल्या आठ तासांच्या कामानंतर पुन्हा कसा, मग आठवड्याने, मग महिन्याला एकदा. तयार प्लेट लावलेले दोन रूळ शेडमध्ये शिल्लक ठेवा, त्यांच्यावर छेद, दर्जा आणि वेल्डची तारीख रंगाने लिहून. एखादा रूळ वाकला तर आठ बोल्ट काढून तासाभरात बदलता येतो, आणि पावसात ताडपत्रीखाली चाप पेटवावा लागत नाही.